व्हॅनिलाची शेंग कुणी धरवली?

नमस्कार श्रोतेहो.

एखादी गोष्ट अगदी साधी, वेगळं काहीच नसलेली असली की इंग्रजीत तिला 'व्हॅनिला' म्हणतात. बँकेत, शेअर बाजारात काम करणाऱ्यांना 'प्लेन व्हॅनिला' रोखे ठाऊक असतील. म्हणजे ज्यांना कुठलीही जास्तीची अट जोडलेली नाही असे. सॉफ्टवेअरवाली मुलं मूळ, न बदललेल्या आवृत्तीला व्हॅनिलाच म्हणतात. हा अर्थ आला आइस्क्रीममुळे. जिथे तिथे मिळणारा, नेहमीचा स्वाद तो, म्हणून व्हॅनिला म्हणजे साधं. मूळ शब्द स्पॅनिश. त्या भाषेत 'वायना' म्हणजे म्यान, आणि त्याचं लहान रूप ते व्हॅनिला. छोटंसं म्यान. त्या लांब, बारीक शेंगेला शोभतं हे नाव.

शब्दाचं एवढं पुरे. मला सांगायचंय ते शेंगेबद्दल. कारण व्हॅनिला साधी नाही. केशराच्या खालोखाल महागड्या मसाल्यांत तिची गणना होते.

मादागास्करच्या पूर्वेला हिंदी महासागरात रियुनियन नावाचं फ्रेंचांचं बेट आहे. पूर्वी त्याला बर्बन म्हणत. १८२०च्या आसपास फ्रेंचांनी व्हॅनिलाचा वेल तिथे नेला. हा वेल ऑर्किडच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोचा. बेटावर तो छान वाढला, फुललाही. पण शेंग धरेना. फूल उमलतं एकच दिवस, आणि त्यातले नर आणि मादी भाग एका पातळ पडद्याने वेगळे केलेले असतात. मेक्सिकोच्या रानात परागीकरणाचं काम किडे करतात. बेटावर ते नव्हते. बेल्जियममध्ये शार्ल मोरन या शास्त्रज्ञाने १८३६ साली काचघरात हाताने फलन करून दाखवलं होतं, पण ती रीत मळ्यांपर्यंत पोचली नाही.

त्या बेटावर सांत-सुझान गावात फेरेओल बेलिए-बोमाँ नावाचा मळेवाला होता. १८४१ साली तो बागेतून फिरत असताना त्याच्या जुन्या वेलावर दोन शेंगा लटकलेल्या दिसल्या. इतकी वर्षं वांझ राहिलेला वेल! सोबत होता एडमंड, बारा वर्षांचा गुलाम मुलगा. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली. तो म्हणाला, या शेंगा मी धरवल्या. मालकाला ते खरं वाटेना. काही दिवसांनी आणखी शेंगा दिसल्या, तेव्हा मालक म्हणाला, करून दाखव. एडमंडने फुलाची पाकळी बाजूला केली, बारीक काडीने तो पडदा वर उचलला आणि अंगठ्याने पराग मादी भागावर हलकेच दाबला. झालं.

हे त्याला सुचलं कसं? मालकाने त्याला एका भोपळवर्गीय वेलाचं नर फूल मादी फुलाला लावायला शिकवलं होतं. आपल्याकडे परसातल्या भोपळ्याला फळ धरत नसलं की सकाळी हेच करतात. एडमंडने तीच गोष्ट व्हॅनिलाच्या एका फुलात शोधली. माझं तर ठाम मत आहे की शाळेत फुलाची आकृती काढून घेण्याआधी मुलांच्या हातात जास्वंदीचं फूल द्यावं. बोटांना कळलेलं विसरत नाही.

मग मालकाने एडमंडला गाडीत बसवून मळ्यामळ्यांवर पाठवलं. तिथल्या गुलामांना त्याने ही रीत शिकवली. शतक संपता संपता रियुनियनने व्हॅनिलात मेक्सिकोला मागे टाकलं. रीत तिथून मादागास्करला गेली, आणि आज जगात सर्वांत जास्त व्हॅनिला तिथे पिकते. पुन्हा सांगते, कारण ऐकून सुटायला नको: मेक्सिकोबाहेरच्या मळ्यांत आजही शेंग हातानेच धरवली जाते. एकेक फूल, एकेक करून, आणि तेही उमललं त्याच दिवशी.

एडमंडला काय मिळालं? डिसेंबर १८४८मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा तो मोकळा झाला आणि त्याला आडनाव मिळालं, अल्बिअस. पैसा मात्र मिळाला नाही. पुढे चोरीच्या आरोपावरून त्याला तुरुंगवास झाला, आणि शिक्षा पुरी होण्याआधी सोडण्यात आलं. बेटावरच्या एका नामांकित वनस्पतीशास्त्रज्ञाने शोध आपलाच असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याच्या जुन्या मालकाने लेखी साक्ष दिली की हे एडमंडचं काम आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. मालकाने गुलामाचं श्रेय लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते नाव कळलं. एडमंड अल्बिअस १८८० साली गरिबीतच वारला.

आता आपल्या स्वयंपाकघरातली इसेन्सची बाटली. १८७४ साली जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलाचा मुख्य सुगंध, व्हॅनिलिन, सूचिपर्णी झाडांतल्या एका पदार्थापासून तयार केला, आणि तेव्हापासून कारखान्यातल्या व्हॅनिलिनचं राज्य आहे. केकमध्ये टाकतो ते बहुतेक तेच. त्यात वाईट काही नाही, पण लेबलवर 'आर्टिफिशियल' लिहिलंय का ते वाचत जा. खरी शेंग कधी हाताशी आली, तर चिरून आतले काळे दाणे दुधात खरवडून घाला आणि शेंग साखरेच्या डब्यात पुरून ठेवा. साखर कित्येक दिवस घमघमते.

नमस्कार.