तेल आत, हवा बाहेर

[दृश्य: दक्षिण वेल्स. घरासमोरच्या उतारावर जुनी डिझेल मोटार. शेजारी वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन.]

निवेदन:
या कॅनमध्ये रेपसीडचं तेल आहे. मोहरीच्या कुळातलं पीक. ब्रिटनमध्ये चिप्स तळायला हे तेल सर्रास वापरतात. आज ते मोटारीच्या टाकीत जायचंय. वीस लिटर म्हणजे जवळपास साडेअठरा किलो. एवढं वजन कमरेच्या वर उचलून धरायचं, तेल एका अरुंद तोंडात ओतायचं, आणि थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही. पंपावर टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं. इथे ते काम डोळ्यांनी आणि मनगटानं करायचंय.

[जुनी छायाचित्रं: पॅरिसचं जागतिक प्रदर्शन, 1900]

ही अलीकडच्या हौशी लोकांची टूम नव्हे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर, म्हणजे आपल्या गोडेतेलावर, चालवून दाखवलं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, तेव्हा इंधनही तिथंच पिकेल, असा फ्रेंच सरकारचा हिशोब. या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल यानं 1912 मध्ये नोंदवून ठेवलंय की इंजिन इतकं सुरळीत चाललं, की तेल वेगळं आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि विषय मागे पडला. वेल्समध्ये तो पुन्हा गाजला 2002 मध्ये. लानेली परिसरात लोक दुकानातलं स्वयंपाकाचं तेल टाकीत ओतून गाड्या हाकत होते. इंधनावरचा कर कोणी भरत नव्हतं, आणि धुराला येणाऱ्या तळणीच्या वासावरून ते पकडले जायचे. असं पकडलं जाणं म्हणजे थोडं विनोदीच! 2007 पासून वर्षाला 2,500 लिटरपर्यंत इंधन स्वतः करून वापरणाऱ्याला हा कर माफ आहे.

[दृश्य: काचेच्या दोन उतरत्या पट्ट्या. एकीवर डिझेल, दुसरीवर तेल.]

आता सांडण्याचं कारण. चाळीस अंशांवर रेपसीडचं तेल डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही घट्ट असतं. थंडीत त्याहून घट्ट. म्हणून ओतणारा कंटाळतो, कॅन जास्त कलता करतो, आणि तिथेच घोटाळा होतो. कॅन आदल्या रात्री घरात ठेवला तर अर्धं काम होतं. वीसवरून चाळीस अंशांवर गेलेलं तेल जवळपास दुप्पट पातळ होतं.

[दृश्य: कॅनचं तोंड, जवळून. धार गचके घेत पडते.]

हे गचके बघा. तेल बाहेर पडलं की त्याच्या जागी हवा आत शिरायला हवी. तिला दुसरी वाट नाही, म्हणून ती तेलाच्याच वाटेनं घुसते आणि धार तुटते. आपल्याकडे किराणा दुकानात पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडतात ना, एक तेलाला, एक हवेला, तीच गोष्ट. कॅनला भोक पाडायचं नसेल तर तो उलटा धरायचा: तोंड खालच्या अंगाला नाही, वरच्या अंगाला. दिसायला चुकीचं वाटतं. पण तोंडाचा वरचा भाग मोकळा राहतो, हवा आत जाते आणि धार सलग पडते.

[दृश्य: टाकीच्या तोंडात नरसाळं.]

कॅनचं जमलं, तरी नरसाळ्याशी तोच वाद पुन्हा. टाकीतही हवाच भरलेली. नरसाळं तोंडात घट्ट बसलं तर ती नरसाळ्यातूनच वर येते, आणि बुडबुडा फुटला की तेल थेट बाहीवर. बारीक नळीचं नरसाळं घेतलं तर कडेनं हवेला जागा मिळते, पण घट्ट द्रवाचा प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो. नळी निम्मी बारीक, तर तेल सोळापट हळू! म्हणजे नळी बसेल तेवढी रुंद हवी, तरी कडेला फट राहिलीच पाहिजे. बाजारात बाहेरून उभ्या कडा असलेली नरसाळी मिळतात, ती घ्यावीत. नसेल तर नरसाळं बोटभर उचलून धरायला दुसरा माणूस लागतो.

टाकी भरत आली की घाई नको. घट्ट तेलात अडकलेले बुडबुडे सावकाश वर येतात. पातळी आधी भरल्यासारखी दिसते, मग खाली बसते. थांबून पाहायचं, आणि काठोकाठ भरायचं नाहीच. ऊन लागलं की तेल फुगतं.

[दृश्य: कॅन उभा होताना. तोंडावर ओघळ.]

बहुतेकांचं तेल सांडतं ते ओतून झाल्यावर. कॅन उभा करताना मनगट किंचित फिरवलं की शेवटची धार तुटते. नरसाळं लगेच उचलू नये. निथळायला त्याला काही मिनिटं लागतात.

[दृश्य: रंगावरचा जुना, पिवळा चिकट डाग.]

डिझेलचा डाग पुसला की संपलं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं आणि रंगावर वार्निशासारखं चिकटतं. तेव्हा ताजं असतानाच साबणाच्या पाण्यानं पुसावं. जमिनीवर लाकडाचा भुसा टाकून उचलावं, गटारात सोडू नये. आणि तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. ऑक्सिजन घेताना तेल तापतं. बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मोकळं पसरून वाळवायचं.

[दृश्य: चालक आत बसतो. दोन टाक्यांमधला बदल करणारं बटण.]

या गाडीत दोन टाक्या आहेत. सुरुवात डिझेलवर. इंजिनाच्या गरम पाण्यानं तेल सत्तर अंशांच्या आसपास तापलं, की मग हे बटण. गाडी बंद करण्याआधी परत डिझेलवर यायचं. नाहीतर घट्ट तेल नळ्यांत आणि इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागात, राहतं, आणि थंडीच्या सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबानं इंधन देणाऱ्या, नव्या गाड्यांच्या मालकांनी मात्र हे सगळं नुसतं पाहावं. त्यांचे पंप आणि इंजेक्टर नाजूक, आणि दुरुस्तीचं बिल तेलात वाचलेल्या पैशांहून कितीतरी मोठं.