चेकराइडची फाइल

(अमेरिकेत वैमानिक प्रशिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर पार्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

प्रायव्हेट पायलटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, म्हणजे चेकराइडमध्ये, परीक्षक विमानाकडे नंतर वळतो. आधी तो कागद पाहतो, आणि उमेदवार पात्र आहे हे त्या कागदांवरून सिद्ध झाले नाही, तर परीक्षा सुरूच होत नाही. कर्ज काढून मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याला एका राहिलेल्या सहीपायी असा दिवस वाया घालवणे परवडत नाही, म्हणून आज मी फक्त फाइलीबद्दल बोलणार आहे.

माझे म्हणणे एवढेच की, कागद जसे हाती आले तसे न लावता परीक्षक ज्या क्रमाने विचारेल त्या क्रमाने लावावेत. त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : हा उमेदवार पात्र आहे का, आणि हे विमान आज उडण्यास योग्य आहे का. तेव्हा फाइलीही दोनच असाव्यात.

पहिलीत पासपोर्ट, विद्यार्थी वैमानिकाचे प्रमाणपत्र, मेडिकल म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, लेखी परीक्षेचा निकाल आणि लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही. आपल्याकडच्या मुलांची अडचण नावापासूनच सुरू होते. पासपोर्टवर वडिलांचे नाव पूर्ण असते, मेडिकलवर त्याचे नुसते आद्याक्षर उरते आणि ऑनलाइन अर्जात तेही गळते. पासपोर्टवर आहे तेच नाव पहिल्या अर्जापासून सगळीकडे ठेवा.

लेखी परीक्षेच्या निकालावर चुकलेल्या विषयांचे संकेतांक छापलेले असतात. त्या विषयांची उजळणी झाल्याची इन्स्ट्रक्टरची सही लागते, आणि परीक्षक तोंडी परीक्षेत नेमके तेच विषय काढतो. मुले हा कागद तळाशी दडवतात. मी तो वरच ठेवायला सांगतो.

खरे काम लॉगबुकाचे. पार्ट ६१ या अमेरिकन हवाई नियमांनुसार किमान ४० तास लागतात, त्यांत २० इन्स्ट्रक्टरबरोबर आणि १० सोलो, म्हणजे एकट्याने. पण नुसती बेरीज दाखवून भागत नाही. रात्रीच्या ३ तासांत एकूण १०० नॉटिकल मैलांहून लांबची एक क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतचे उड्डाण, हवी, आणि पूर्ण थांबून केलेली १० लँडिंग. सोलो क्रॉस-कंट्रीचे ५ तास हवेत, आणि सोलोमध्येच किमान १५० नॉटिकल मैलांचा असा एक प्रवास हवा, ज्यात तीन ठिकाणी पूर्ण थांबून उतरलेले आहे आणि एक टप्पा सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांहून अधिक आहे. नोंदीत नुसते विमानतळांचे संकेतांक असतील, तर परीक्षकासमोर अंतरे मोजत बसावे लागते. म्हणून अंतर त्याच दिवशी नोंदीत लिहावे. मग एका कागदावर तक्ता करावा : अट, तारीख, लॉगबुकाचे पान, आणि त्या पानांना रंगीत चिकटपट्ट्या लावाव्यात.

तारखांचा हिशेबही समजून घ्या. लोकलचा मासिक पास काढलेल्या तारखेशी बांधलेला असतो; अमेरिकेत मात्र कॅलेंडर महिना मोजतात. इन्स्ट्रक्टरबरोबरच्या परीक्षेच्या पूर्वतयारीचे ३ तास परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांपासूनचे चालतात; म्हणजे परीक्षा १८ जूनला असेल, तर त्यांत १ एप्रिलपासूनची उड्डाणे धरता येतात. ३१ मार्चचे उड्डाण त्यात बसत नाही. लेखी परीक्षेचा निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो.

दुसरी फाइल विमानाची. नोंदणी, एअरवर्दीनेस म्हणजे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, हँडबुक आणि त्याच विमानाचे वजन-समतोलाचे कागद विमानातच असतात. मेंटेनन्स लॉगबुके मात्र स्कूलच्या ताब्यात असतात. ती आदल्या दिवशी मागून घ्या, आणि वार्षिक तपासणी व ईएलटी (अपघातात आपोआप संकेत पाठवणारे यंत्र) १२ महिन्यांत, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र) २४ महिन्यांत तपासल्याच्या नोंदी स्वतः शोधा. भाड्याने दिलेल्या प्रशिक्षण विमानाला १०० तासांची तपासणीही लागते. वार्षिक तपासणी १०० तासांच्या तपासणीच्या जागी चालते, उलटे चालत नाही. आणि १०० तासांवरची १० तासांची सवलत विमान तपासणीच्या ठिकाणी नेण्यापुरतीच असते, चेकराइडसाठी नाही. हा प्रश्न परीक्षकांच्या विशेष आवडीचा दिसतो.

परीक्षा झाली की चिकटपट्ट्या काढा, पण तक्ता ठेवा, आणि लॉगबुकाच्या पानांचे फोटो दर महिन्याला घरी पाठवत जा. परतल्यावर डीजीसीए या भारताच्या हवाई वाहतूक नियामकाकडे परवान्याचे रूपांतर करताना तेच लॉगबुक पुन्हा उघडावे लागते.