ट्रकचं चार्जिंग साखर कारखान्याच्या यार्डात का होऊ नये?

नमस्कार मंडळी. आज बॅटरीवर चालणाऱ्या मोठ्या ट्रकविषयी बोलूया.

तवंदी घाटात भरलेली गाडी लो गिअरमध्ये काळा धूर सोडत कशी चढते, ते निपाणी-संकेश्वरकडच्या लोकांना सांगायला नको. देशातल्या एकूण गाड्यांत ट्रक जेमतेम ३ टक्के, पण वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या प्रदूषणात त्यांचा वाटा ४२ टक्के, हा केंद्र सरकारनंच दिलेला आकडा आहे.

बरेच ड्रायव्हर विचारतात, बॅटरीची गाडी घाट चढेल का हो? चढते की. मोटरला जाग्यावरनंच पूर्ण ताकद मिळते, आणि उतरताना तीच मोटर जनरेटर होऊन थोडी वीज बॅटरीत परत भरते, ब्रेकही कमी तापतात. चढाला बॅटरी मात्र भराभर उतरते, ते खरं.

खरी अडचण चार्जिंगची. भरलेल्या मोठ्या ट्रकला किलोमीटरला साधारण सव्वा ते दीड युनिट लागतं, म्हणजे ३०० युनिटच्या बॅटरीत दोनशे ते दोनशे चाळीस किलोमीटर, आणि २४० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर ती भरायला सव्वा तास तरी धरा. असे ५ चार्जर एकदम चालले की १२०० किलोवॅट लोड झाला, मग ११ केव्हीची लाइन ओढा, वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवा, हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, मंजुरीची वाट बघा. एखाद्या ढाब्यावाल्याला एवढं झेपणार कसं?

म्हणून मला वाटतं सुरुवात साखर कारखान्यापासून व्हावी. आपल्याकडचे कितीतरी कारखाने सीझनमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून स्वतःची वीज करतात, उरलेली ग्रिडला विकतात. आणि त्याच यार्डात उसाच्या गाड्या काट्यासाठी नंबर लावून तासन्‌तास उभ्या, ड्रायव्हर केबिनमध्ये डुलक्या घेतोय. वीज तिथंच, गाडी तिथंच, वेळ पण आहे, शेतापासून कारखान्याचं अंतर थोडं, रोजचा रस्ता ठरलेला. सीझन संपला की त्याच चार्जरवर ग्रिडची वीज घेऊन साखरेच्या गाड्या, बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीचं कास्टिंग कोल्हापूरला नेणाऱ्या गाड्या चार्ज होतील.

गाडी महाग आहेच, डिझेल ट्रकच्या दुप्पट-तिप्पट. विजेवरच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५ मध्ये ट्रकसाठी जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारांची सवलत आली, पण त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं. ज्याची एकच गाडी आहे आणि तिच्यावरच घर चालतं त्यानं ती मोडायची कशी? कारखान्यानं वर्षभराच्या वाहतुकीचा करार लिहून दिला तर बँक लोनचा विचार तरी करेल.

आणि चार्जरशेजारी स्वच्छ संडास, अंघोळीचं पाणी आणि पाठ टेकायला सावलीत जागा पाहिजेच, तिथं माणूस तासभर थांबणार आहे.

ऊस घालणारे सभासद ऐकत असतील तर एवढं करा, यंदाच्या जनरल मीटिंगला यार्डात एक चार्जर बसवायचा विषय आधी लेखी देऊन ठेवा.