सेकंदाची किंमत: प्रॅक्टिकल शूटिंगमधील गुणांचे गणित आणि पिस्तुलाची निवड

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, तो सामना इथल्या बहुतेकांनी पाहिला असेल. त्या प्रकारात दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. वेळेची मर्यादा तिथेही आहे, परंतु मर्यादेच्या आत कुणी लवकर गोळी झाडली म्हणून त्याला दशांश गुणही जास्त मिळत नाही. आज ज्या प्रॅक्टिकल शूटिंगविषयी मला बोलायचे आहे त्यात घड्याळ थेट गुणांच्या छेदस्थानी बसलेले असते. या एका फरकामुळे पिस्तूल कोणते घ्यावे, गोळी किती वजनाची असावी, मॅगझिन कुठे बदलावे आणि एखादे लक्ष्य सोडून द्यावे का, हे सगळे प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावे लागतात.

मे १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे झालेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, म्हणजे आयपीएससी, स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिचे लॅटिन ब्रीद ‘डिलिजेन्शिया, विस, सेलेरितास’ असे आहे. अचूकता, शक्ती आणि वेग असा त्याचा अर्थ होतो. हे तीनही शब्द गुणांच्या सूत्रात प्रत्यक्ष आकडे होऊन उतरतात. कागदी लक्ष्याचे ए, सी आणि डी असे भाग असतात आणि सामान्यतः प्रत्येक लक्ष्यावरच्या सर्वोत्तम दोन गोळ्या मोजल्या जातात. ए भागाला नेहमी ५ गुण. सी आणि डी भागांना किती मिळणार, हे मात्र काडतुसाच्या शक्तीवर ठरते: ‘मेजर’ असेल तर ४ आणि २, ‘मायनर’ असेल तर ३ आणि १. गोळी चुकली की १० गुण वजा होतात, आणि जिथे झाडायची नाही त्या ‘नो-शूट’ लक्ष्याला लागली तरी १०. अशा रीतीने आलेल्या गुणांना स्टेज, म्हणजे स्पर्धेतील लक्ष्यांची एक मांडणी, पूर्ण करायला लागलेल्या सेकंदांनी भागायचे. जो भागाकार येतो त्याला हिट फॅक्टर म्हणतात.

शक्ती मोजण्याची रीत सोपी आहे. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि फूट प्रति सेकंदातील वेग यांचा गुणाकार करून त्याला १००० ने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो. मायनरसाठी तो किमान १२५ लागतो. स्पर्धेत पिस्तुलांच्या प्रकारानुसार विभाग असतात; मेजरसाठी स्टँडर्ड विभागात १७० आणि ओपन विभागात १६० लागतो. स्पर्धेत प्रत्येकाची काडतुसे घेऊन त्यांचा वेग यंत्रावर तपासला जातो. मेजर जाहीर करणारा आपल्या विभागाच्या या मर्यादेखाली आला तर त्याचे गुण मायनरने मोजले जातात. पण १२५ च्याही खाली गेला, तर त्याचे गुण शून्य धरतात. नोकरीनिमित्त परदेशात असताना पहिल्याच हंगामात मी हे अनुभवले. उन्हाळ्यात १२४ ग्रेनच्या गोळीला १०१५ फुटांचा वेग मिळत होता, म्हणजे १२५.९. एका थंड सकाळी तोच वेग १००० वर आला, आकडा १२४ दाखवला गेला आणि दोन दिवसांच्या नेमबाजीचा एकही गुण राहिला नाही. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून मी १३० च्या आसपास राहतो आणि तुम्हीही राहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या चार-पाच आकड्यांचा जास्तीचा धक्का हाताला जाणवतसुद्धा नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नवा नेमबाज नेहमी विचारतो की अचूक मारू की वेगाने मारू. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. विचारायला हवे ते हे, की या स्टेजवर एका सेकंदाची किंमत किती गुण आहे. आणि त्याचे उत्तर म्हणजे तुमचा अपेक्षित हिट फॅक्टर. ३२ गोळ्यांची, १६० गुणांची स्टेज तुम्ही २० सेकंदांत संपवणार असाल, तर हिट फॅक्टर ८ येतो, म्हणजे तिथे एक सेकंद ८ गुणांना पडतो. मायनरमध्ये ए ऐवजी सी लागला की २ गुण जातात. ते पाव सेकंदाच्या बरोबरीचे आहेत. तो सी टाळण्यासाठी अर्धा सेकंद जास्त नेम धरणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पण दुसरी स्टेज अशी असेल की दूरची, अर्धी झाकलेली लक्ष्ये, अवघड बैठक आणि ६० गुणांसाठी २० सेकंद, तर हिट फॅक्टर ३ होतो आणि त्याच सी ची किंमत दोन तृतीयांश सेकंद होते. तिथे थांबून नेम धरलाच पाहिजे. एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच पिस्तुलाने या दोन स्टेज दोन निराळ्या लयींत खेळायच्या असतात.

चुकलेल्या गोळीचा हिशेबही असाच करावा. ती ५ गुण मिळवून देत नाही आणि वर १० नेते, म्हणजे एकूण १५ गुणांचा फरक. हिट फॅक्टर ८ वर हे जवळजवळ दोन सेकंद झाले. पिस्तुलात काडतूस शिल्लक असेल तर आणखी एक गोळी झाडायला पाव-अर्धा सेकंद पुरतो, म्हणून विचार न करता ती झाडावी. सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर रिकामे झाले असेल आणि केवळ त्या एका गोळीसाठी उभ्या उभ्या अडीच-तीन सेकंद घालवून ते भरावे लागणार असेल, तर त्याच स्टेजवर ती चूक तशीच सोडून पुढे जाणे फायद्याचे ठरू शकते. दिसून नाहीशा होणाऱ्या लक्ष्यांचे नियम आणखी वेगळे आहेत; त्यांच्यावर गोळी चुकली वा झाडलीच नाही तरी दंड नसतो. दोन ए चे १० गुण हिट फॅक्टर ८ वर सव्वा सेकंदाचे होतात. त्यासाठी दोन सेकंद वाट पाहावी लागत असेल, तर त्या लक्ष्याकडे न बघता पुढच्या जागी निघावे. अचूक नेमबाजीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या लोकांना हे फार जड जाते, मलाही गेले.

स्टेज जिंकणाऱ्याला तिचे पूर्ण गुण मिळतात आणि बाकीच्यांना त्याच्या हिट फॅक्टरच्या प्रमाणात. त्यामुळे मोठ्या स्टेजवरच खरी लढाई असते असा समज होतो. तो तपासून पाहा. २० सेकंदांच्या १६० गुणांच्या स्टेजवर अर्धा सेकंद जास्त लागला तर सुमारे ३.९ गुण जातात. ६ सेकंदांच्या ६० गुणांच्या स्टेजवर तोच अर्धा सेकंद सुमारे ४.६ गुण नेतो. होल्स्टरमधून पिस्तूल काढताना झालेली एखादी अडखळ छोट्या स्टेजवर अधिक महाग पडते, म्हणून घरच्या सरावात मी पहिली गोळी आणि मॅगझिन बदल यांनाच सर्वाधिक वेळ देतो.

या पार्श्वभूमीवर साधनांकडे पाहू. स्टँडर्ड विभागात पिस्तूल २२५ गुणिले १५० गुणिले ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते आणि मेजरसाठी किमान १० मिलिमीटरचा बोअर (नळीचा आतला व्यास), म्हणजे व्यवहारात पॉइंट फोर झिरोचे काडतूस लागते. मेजर घ्यावे की मायनर? समजा ३२ पैकी २४ ए आणि ८ सी लागले. मेजरने १५२ गुण, मायनरने १४४. मेजरवाल्याला २० सेकंद लागले असतील, तर मायनरवाल्याला बरोबरी करायला १८.९५ सेकंदांत संपवावे लागेल. एक सेकंद, म्हणजे दर गोळीमागे तीन शतांश सेकंद, केवळ हलक्या धक्क्याच्या जोरावर मिळवणे फार कठीण आहे. मात्र ३० ए आणि २ सी मारणाऱ्यासाठी हे अंतर पाव सेकंदावर येते. म्हणजे मेजरचा लाभ सर्वाधिक त्याला होतो ज्याच्या गोळ्या सी मध्ये जातात.

क्लासिक विभागात, म्हणजे ‘१९११’ नावाच्या जुन्या नमुन्याच्या पिस्तुलात, हा प्रश्न मला सर्वांत रोचक वाटतो. तिथे मेजरला मॅगझिनमध्ये ८ काडतुसे आणि मायनरला १०. आणि आयपीएससीचा नियम असा की एका जागेवरून ९ पेक्षा जास्त गुणदायी गोळ्यांची सक्ती करता येत नाही. नळीत एक काडतूस ठेवून मॅगझिन बदलले तर मेजरवाल्याकडे ८ आणि १ मिळून बरोबर ९ होतात, चुकीला जागा उरत नाही. मायनरवाल्याकडे ११, म्हणजे दोन जास्तीच्या. ज्या स्पर्धेत पाडायची लोखंडी लक्ष्ये पुष्कळ आहेत, तिथे मी मायनर निवडेन, कारण लोखंडाला सी आणि डी नसतात आणि ते पडेपर्यंत गोळ्या खर्च होतात.

ओपन विभागाचे तर्कशास्त्र उलटे आहे. नळीच्या टोकाला बसवलेला कॉम्पेन्सेटर गॅस वर फेकून पिस्तूल खाली दाबतो, आणि त्याला भरपूर गॅस लागतो. त्यामुळे मेजरची शक्ती तिथे पिस्तूल स्थिर ठेवायलाच मदत करते. १७० मिलिमीटर लांबीच्या मॅगझिनमुळे बऱ्याच स्टेज एखाद्या बदलात संपतात. पण ही पिस्तुले महाग असतात, नाजूक असतात आणि भर स्पर्धेत अडकली की दहा-बारा सेकंद सहज जातात.

सुरुवात करणाऱ्याला मी प्रॉडक्शन विभाग सुचवतो. सगळ्यांना मायनरच, नऊ मिलिमीटरचे कारखान्यातून निघालेले पिस्तूल आणि मॅगझिनमध्ये १५ काडतुसे. नळीतील एक धरून पहिल्यांदा १६, मग १५, एकूण ३१. ३२ गोळ्यांच्या स्टेजला एक कमी पडते. म्हणून दोन बदल ठरवूनच ठेवावे लागतात, आणि ते कुठे करायचे तर चालताना, जिथे पाय तसेही पुढे जात असतात. उभ्याने केलेला बदल सरावलेल्या हातालाही साधारण दीड सेकंद मागतो. चालताना केलेला बहुधा फुकट असतो. पाच मॅगझिन, त्यांचे कप्पे, न वाकणारा पट्टा आणि पिस्तूल घट्ट धरणारे होल्स्टर एवढ्यावर पहिली दोन वर्षे निघतात. होल्स्टरमध्ये काटकसर करू नका, कारण पिस्तूल हातून पडले किंवा नळी सुरक्षित कोनाबाहेर वळली तर गुण कापत नाहीत, थेट स्पर्धेतूनच बाद करतात.

आपल्याकडे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला हा मार्ग खुला नाही. तरीही परदेशात राहणारी आपली कितीतरी मुले या खेळाकडे वळत आहेत, आणि सुटीवर घरी आली की मला विचारतात की कोणते पिस्तूल घेऊ. मी त्यांना आधी वही काढायला सांगतो आणि त्यांच्या मागच्या स्पर्धेतील प्रत्येक स्टेजचे ए, सी, डी आणि सेकंद लिहून घेतो. सी किती पडतात आणि कोणत्या अंतरावर पडतात ते दिसल्यावर पिस्तुलाचे नाव घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत.