हरिकेनला तळ नव्हता

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी ज्यांनी प्लास्टिकच्या विमानाचे किट जोडले आहे, त्यांच्या घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादा अर्धवट राहिलेला खोका बहुधा अजूनही असतो. त्यातले भाग थोडे पिवळे पडलेले असतात, सूचनांचा कागद घडीवर फाटलेला असतो, आणि आजच्या सफाईदार किटांशी तुलना केली तर ते सारेच जाडेभरडे वाटते. हे किट फेकून न देता, त्यात जे नाही ते स्वतःच्या हाताने घडवून त्याला खऱ्या विमानाच्या जवळ कसे न्यायचे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

या जुन्या किटांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग या नावाने ‘पेंग्विन’ मालिकेतील प्लास्टिकची किटे बाजारात आली, आणि १९५०च्या दशकात एअरफिक्स या कंपनीने आपले पहिले विमान, म्हणजे स्पिटफायर, काढले. दोन्हींचे प्रमाण एकास बहात्तर होते आणि तेच प्रमाण आजही घरोघर चालते. त्या काळी साचे हाताने कोरले जात. जी माहिती मिळाली तिच्यावर आणि कारागिराच्या नजरेवर सारे अवलंबून असे. अशा किटात पुष्कळदा विमानाचा एकंदर आकार चांगला साधलेला असतो आणि आतले काहीच नसते. आकार चांगला असेल तर आतले आपल्याला घडवता येते. आकारच बिघडलेला असेल तर मात्र फार कष्ट पडतात, म्हणून किट निवडताना आधी आकार पाहावा.

एकास बहात्तर म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट आपल्या हातात एक इंच होतात. हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट, म्हणून आपल्या मॉडेलचा विस्तार सुमारे १६९ मिलिमीटर यायला हवा. उलटे गणित त्याहून उपयोगाचे आहे. जुन्या किटात पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड असते. तिला बहात्तरने गुणले की खऱ्या विमानाची कड सात सेंटिमीटरहून जाड झाली. असे विमान कोणी उडवले नसते. तेव्हा कानावर एकदाच पडून निसटू नये म्हणून पुन्हा सांगतो : खऱ्या मापाला बहात्तरने भागा, आणि किटवरील मापाला बहात्तरने गुणा. निम्म्या चुका इथेच डोळ्यांसमोर येतात.

साहित्य फारसे लागत नाही. पाव मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा, जुन्या विजेच्या वायरीतील तांब्याचे केसासारखे धागे, रंगाच्या रिकाम्या ट्यूबचा मऊ पत्रा, बारीक पॉलिशपेपर, चिमटा आणि भिंग एवढे पुरते. सर्वांत मोलाची वस्तू किटातच असते. भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना चिकटून येतात, ज्यांना आपण स्प्रू म्हणतो, त्या कधीही टाकू नयेत. स्प्रूचा एक तुकडा दोन्ही टोकांना धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, ज्योतीच्या वर, सतत फिरवत राहावा. मधला भाग प्रथम चमकू लागतो, मग लोंबतो. त्या क्षणी तो बाजूला घ्यावा, एक श्वास थांबावे आणि दोन्ही हात सरळ रेषेत दूर न्यावेत. हात झपाट्याने नेले तर केसासारखा तंतू मिळतो, सावकाश नेले तर सुईएवढी काडी मिळते, आणि ती गार होईपर्यंत ताणूनच धरावी लागते, नाहीतर वाकते. खऱ्या विमानातील एक इंच जाडीची नळी आपल्या प्रमाणात अवघी एक तृतीयांश मिलिमीटर भरते, आणि असा ताणलेला स्प्रू ती बरोबर देतो. खिडकी उघडी असावी आणि लहान मुले जवळ नसावीत, हे सांगायला नकोच.

आता बाजारात धातूचे कोरीव पत्रे आणि रेझिनचे तयार कॉकपिट मिळतात. ते सुंदर असतात, हे मी मान्य करतो. पण तयार कॉकपिट चिकटवणाऱ्याला वैमानिकाच्या आसनाखाली काय होते हे शोधावे लागत नाही, आणि माझ्या मते या छंदातील सर्वांत मोठा आनंद त्या शोधातच आहे. मला तो आनंद कसा मिळाला, हे आता सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी हरिकेनचे एक जुने किट हाती घेतले होते. त्यात कॉकपिट म्हणून काहीच नव्हते. धडाच्या आतून एक खुंटी पुढे आली होती आणि तिच्यावर वैमानिकाची ठोकळेबाज आकृती बसवायची होती. मी खुंटी कापली. प्लास्टिकच्या पत्र्याचा तळ कापला, त्यावर सुईने फळ्यांच्या रेषा ओढल्या, आसन केले, ट्यूबच्या मऊ पत्र्यातून पाऊण मिलिमीटर रुंदीचे पट्टे कापून आसनावर सोडले. उपकरणांच्या फलकावर एकेक मिलिमीटरच्या तबकड्या रंगवल्या आणि प्रत्येकीवर पारदर्शक वार्निशचा थेंब ठेवला, म्हणजे काच असल्यासारखी दिसते. नियंत्रणदांड्याच्या टोकाला हरिकेनमध्ये कडे असते; ते तांब्याचा धागा सुईभोवती गुंडाळून केले. मग धड जोडले, पंख जोडले, आणि वरची काच लावण्याआधी मोठ्या अभिमानाने ते शेजारच्या नानांना दाखवायला नेले.

नाना तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. युद्धकाळात ते हरिकेनच्या देखभालीवर फिटर होते, एवढेच मला ठाऊक होते. त्याविषयी ते कधी आपणहून बोलत नसत. त्यांनी वर्तमानपत्र वाचायचे भिंग काढले, विमान खिडकीपाशी नेले आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

“हे खाली काय घातलंयस?” त्यांनी विचारले.

“तळ आहे, नाना. कॉकपिटचा.”

“अरे, हरिकेनला तळ नव्हता.”

मला वाटले, वयामुळे त्यांची आठवण अंधूक झाली असावी. पण त्यांनी विमान टेबलावर ठेवले आणि आपल्या दोन्ही टाचा जमिनीवर समांतर ठेवून दाखवल्या. “पायलटच्या पायाखाली फक्त दोन पन्हळी. ह्या टाचेखाली एक, त्या टाचेखाली एक. त्यांच्या मधे आणि बाजूला सगळं मोकळं. खाली बघितलंस की नळ्या, तारा आणि विमानाचं पोट. हातातला पाना निसटला की थेट पोटात.”

आणि मग नाना बोलू लागले. एका संध्याकाळी काम संपल्यावर हत्यारे मोजली तेव्हा एक लहान स्क्रूड्रायव्हर कमी भरला. विमान सकाळी उडायचे होते. सुटे हत्यार आत राहिले आणि विमान हवेत कलंडले, तर ते घरंगळत जाऊन नियंत्रणाच्या तारांत किंवा दांड्यांत अडकू शकते, आणि मग वैमानिकाने कितीही जोर लावला तरी दांडा हलत नाही. म्हणून तो सापडेपर्यंत कोणी जेवायला जायचे नाही, असे ठरले. सर्वांत किडकिडीत नाना होते. त्यांना डोके खाली करून कॉकपिटात सोडले आणि दोघांनी वरून पाय धरले. तोंडात विजेरी, एक हात खांद्यापर्यंत नळ्यांच्या जाळ्यात, आणि नाकात तेलाचा आणि पेट्रोलचा वास. “रक्त डोक्यात उतरलं होतं,” नाना म्हणाले, “आणि बोटाला गार काहीतरी लागलं. तारेपासून दोन बोटं लांब होता.” हे सांगताना त्यांची बोटे टेबलावर तेवढेच अंतर दाखवत होती.

मी घरी आलो तो विमान मोडायचे ठरवूनच. प्लास्टिकचा सांधा उकलता येत नाही, कारण त्याचा गोंद पृष्ठभाग विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. तो सांधा कापावाच लागतो. पात्याने रेघेवरून हलक्या हाताने साठ-सत्तर वेळा ओढून मी खालचा पंख धडापासून सोडवला. उजव्या पंखाच्या मुळाशी तडा गेला, तो पुढे बुजवावा लागला. माझा सुंदर, फळ्याफळ्यांचा तळ चिमट्याने बाहेर आला तेव्हा वाईट वाटले, हे खरे आहे. पण त्याच्या जागी दोन पन्हळी आल्या. पाव मिलिमीटरच्या पत्र्याच्या अरुंद पट्ट्या कापून त्यांच्या कडा ब्लेडच्या पाठीने वर दुमडल्या. हरिकेनचे धड म्हणजे मुळात धातूच्या नळ्यांचा सांगाडा आहे. त्याच्या दोन्ही बाजू ताणलेल्या स्प्रूने उभ्या केल्या, तिरप्या नळ्यांसह. खालून दिसणारा पंखाचा आतला भाग रंगवला. आणि नानांना आश्चर्याचा आनंद द्यावा म्हणून एक गोष्ट अधिक केली. वीस सेंटिमीटरचा स्क्रूड्रायव्हर आपल्या प्रमाणात तीन मिलिमीटरहूनही थोडा कमी भरतो. तो मी स्प्रूच्या तंतूतून केला, मूठ लाकडी रंगाची केली, आणि विमानाच्या पोटात, तारेपासून थोडा दूर, वार्निशच्या थेंबाने टेकवून ठेवला.

नानांनी भिंगातून पाहिले. पन्हळी पाहून मान हलवली, नळ्या एकेक करून पाहिल्या. मग त्यांना तो दिसला. ते काही क्षण गप्प राहिले. मला वाटले, डोळे भरून आले असतील. त्यांनी भिंग खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “तो काढ. हत्यार आत ठेवून विमान बंद करायचं नसतं.”

मी तिथेच, त्यांच्यासमोर, चिमट्याने तो बाहेर काढला. त्यांनी तळहात पुढे केला, मी तो त्यावर ठेवला, आणि त्यांनी तो काड्यापेटीत घालून ठेवून दिला. मग म्हणाले, “आता चिकटव पंख.”

श्रोतेहो, माझा बराच वेळ या आठवणीत गेला, म्हणून उरलेले थोडक्यात सांगतो. काहीही कापण्याआधी ते विमान प्रत्यक्षात कसे बांधले होते ते शोधावे. पुन्हा सांगतो, आधी शोधावे आणि मग कापावे. हरिकेनचेच पाहा. त्याच्या धडाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. जुन्या किटात त्या जागी गोणपाटासारखी वीण दिसते. खरे कापड डोप नावाचा लेप देऊन ढोलावरच्या कातड्यासारखे ताठ केलेले असे आणि बहात्तरपट लहान झाल्यावर त्याची वीण दिसणे शक्य नाही. पट्ट्यांचे उंचवटे मात्र दिसले पाहिजेत. म्हणून पॉलिशपेपर उंचवट्यांच्या दिशेने फिरवावा, आडवा फिरवू नये. याच कारणाने सगळे उठावदार रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, सरसकट घासून विमान काचेसारखे गुळगुळीत करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती मला पटत नाही. बारीक आणि जागेवर असलेले रिव्हेट राहू द्यावेत. डाळीएवढे असलेले घालवावेत.

पंखाची जाड कड दोन्ही भाग चिकटवण्याआधी आतल्या बाजूने घासावी. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर पंखाची आतली बाजू फिरवली की कड कागदासारखी होते आणि बाहेरचे तपशील वाचतात. हरिकेनची दोन्ही चाके आतल्या बाजूला वळून मधल्या एकाच मोकळ्या पोकळीत बसतात. जुन्या किटात तिथे दोन उथळ खळगे असतील तर मधली भिंत कापून पोकळी एक करावी. आठ मशीनगनच्या नळ्यांची भोके पाडण्याचा हट्टही धरू नये. धूळ आणि गारठा आत जाऊ नये म्हणून त्या तोंडांवर कापडाच्या लाल पट्ट्या चिकटवत असत आणि पहिल्या गोळीबरोबर त्या फाटत. प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेवर रंगवलेली एक लाल पट्टी त्या चार भोकांपेक्षा अधिक खरी दिसते.

शेवटी वरची काच. ती सुपरग्लूने चिकटवू नये, त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते आणि मग आतले सारे श्रम झाकले जातात. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद घ्यावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. आणि काच लावण्याच्या आधी विमान पांढऱ्या कागदावर उलटे धरून त्याच्या पोटावर दोन-तीन टिचक्या माराव्यात. आत राहिलेला प्लास्टिकचा कीस, तारेचा तुकडा, ब्रशचा केस कागदावर पडतो. नानांच्या हरिकेनमधून त्या दिवशी तांब्याचा एक बारीक धागा पडला होता. तो मी उचलला, विमान पुन्हा उलटे केले आणि कागदावर काहीच पडत नाही हे पाहून मगच काच बसवली.

नमस्कार.