अर्पणाची थैली, नाताळची पंगत

[दृश्य : उपासनेची वेळ. बाकांच्या रांगेतून हातोहात पुढे जाणारी कापडी थैली.]

उपासना अर्ध्यावर आली आहे. गीताचे शेवटचे कडवे सुरू असतानाच दोघेजण उठतात आणि पहिल्या रांगेपासून अर्पणाची थैली फिरू लागते. ही थैली जवळून पाहण्यासारखी आहे. तिचे कापड जाड आहे आणि ती खोल शिवलेली आहे. त्यामुळे हात मनगटापर्यंत आत जातो, मूठ आतच उघडते, आणि नोट पडली, नाणे पडले की काहीच पडले नाही, हे शेजारी बसलेल्यालाही समजत नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण सहज म्हणतो. बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानात येशूने दानाविषयी दिलेली शिकवण तीच आहे, आणि ज्या कोणी ही थैली इतकी खोल शिवली त्याने ती शिकवण मनापासून ऐकली असावी.

नाताळच्या आधी येणाऱ्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. ख्रिस्तजन्माच्या सणाची ही तयारी. या काळात जगभरच्या चर्चमध्ये गायनाचे सराव होतात, येशूच्या जन्माचा गव्हाणीचा देखावा उभा राहतो, आजारी आणि एकट्या सभासदांकडे भेटी वाढतात, आणि वर्षभरात होत नाही एवढे देणे या चार आठवड्यांत होते. हा माहितीपट त्या देण्याविषयी आहे. किती जमले यापेक्षा ते कसे जमते आणि कसे पोहोचते, हे आम्हाला पाहायचे आहे. कारण देणाऱ्याचे नाव पुसले जावे आणि घेणाऱ्याचे नाव मात्र आदराने जपले जावे, हीच या साऱ्या व्यवहाराची खरी कसोटी आहे, असे आम्हाला वाटते.

चर्चमधले सामुदायिक अर्पण हे चर्चइतकेच जुने आहे. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी येशूचा प्रेषित पौल याने दूरदूरच्या मंडळ्यांतून, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांतून, वर्गणी गोळा केली. करिंथ शहरातल्या मंडळीला त्याने पत्राने कळवले की, प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. स्वतः हलाखीत असलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनी ऐपतीपेक्षा जास्त दिले, हे त्याने त्यांना आवर्जून सांगितले. त्या पत्रातली आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जमलेली रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली, आणि एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून ही काळजी घेत आहोत, असे कारणही लिहून ठेवले. आज उपासनेनंतर आतल्या खोलीत दोन माणसे समोरासमोर बसून पैसे मोजतात आणि दोघेही वहीत सही करतात, त्यामागे हीच काळजी आहे.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या) जस्टिनने आपल्या काळच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. ज्यांची ऐपत आहे आणि इच्छा आहे ते आपापल्या मनाप्रमाणे देतात. जमलेले सारे उपासना चालवणाऱ्याकडे ठेवले जाते. आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले आणि परगावाहून आलेले अशा सर्वांची काळजी घेतो, असे त्याने नोंदवले आहे. यात देणारा आणि घेणारा यांची समोरासमोर गाठच पडत नाही. मधे मंडळी उभी असते. कोणी कोणाच्या उपकाराखाली दबून राहू नये, याची ही फार साधी आणि फार शहाणी सोय होती.

[दृश्य : चर्चच्या सभागृहात मांडलेली लांब टेबले. खोकी उघडणारे हात.]

डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात चर्चचे सभागृह ओळखू येत नाही. लोकांनी आणून दिलेल्या धान्याच्या पिशव्या, डबाबंद पदार्थ, साबण, लहान मुलांचे कपडे, खेळणी, सगळे एकाच ढिगात येऊन पडते आणि मग निवडानिवड सुरू होते. एक कार्यकर्ती प्रत्येक डबा उलटा करून त्यावरची तारीख वाचते आणि मुदत संपलेला डबा काहीही न बोलता बाजूला ठेवते. ज्याचे झाकण हाताने ओढून उघडता येते तो डबा वेगळ्या खोक्यात जातो, कारण ज्यांना डोक्यावर छप्पर नाही त्यांच्याजवळ डबा उघडायचे साधन कुठून असणार? कपड्यांच्या टेबलावर बटणे तपासली जातात, चेन वरखाली करून पाहिली जाते, कोपर विरलेला स्वेटर निघाला तर तो दिला जात नाही. आपल्या घरातल्या मुलाला जे घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला द्यायचे नाही, हा येथला नियम आहे. तो कोठेही लिहिलेला नाही, तरी नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या तासातच कळतो.

घरातली अडगळ निघाली आणि वर पुण्यही लागले, असा देण्याचा एक प्रकार सगळीकडे असतो. त्याचा भार शेवटी या टेबलांवर येतो. निरुपयोगी वस्तू वेगळ्या काढण्यात स्वयंसेवकांचे कितीतरी तास जातात. देण्यापूर्वी फक्त दूरध्वनी करून काय हवे आहे एवढे विचारले, तरी यातले पुष्कळ श्रम वाचतील.

खेळण्यांच्या बाबतीत काही चर्चनी एक सुंदर पद्धत अंगीकारली आहे. खेळणी रंगीत कागदात गुंडाळून थेट मुलांच्या हातात द्यायची नाहीत. ती एका खोलीत दुकानासारखी मांडायची, आईवडिलांना एकेकाने आत बोलवायचे, आपल्या मुलाला काय आवडेल ते त्यांनी निवडायचे आणि कागद, दोरा घेऊन त्यांनीच ते गुंडाळायचे. नाताळच्या सकाळी मुलाच्या हातात भेट येते ती आईकडून, वडिलांकडून. चर्चचे नाव मधे येतच नाही. पदर पसरावा लागल्याची बोच ज्या आईला असते, तिला आपल्या मुलासमोर देणारी म्हणून उभे राहता यावे, यापेक्षा मोठी भेट त्या खोलीत दुसरी नसते.

[दृश्य : खिडकीतून आत पडणारा उजेड.]

नाव लपवून देण्याची नाताळशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध कथा बिशप निकोलसची आहे. चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या मायरा या नगरीत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, तो बिशप होता. एका कंगाल झालेल्या बापाला तीन मुलींच्या लग्नासाठी हुंडा देणे शक्य नव्हते, आणि निकोलसने रात्रीच्या अंधारात त्यांच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, असे ही परंपरागत कथा सांगते. सांताक्लॉज त्याच्यावरूनच आला. मात्र त्या कथेत निकोलस दिवसा आला नाही, ही गोष्ट आज भेटवस्तूंच्या गर्दीत मागे पडली आहे.

गव्हाणीचा देखावाही केवळ सजावट म्हणून सुरू झाला नव्हता. इसवी सन 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो या डोंगराळ गावी असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाणी, बैल आणि गाढव आणवले, कारण ख्रिस्त किती गरिबीत जन्मला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे अशी त्याची इच्छा होती. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैल-गाढवांनाही रोजच्यापेक्षा जास्त चारा मिळावा, असे तो म्हणत असे. त्याच्या मनात सणाचे जेवण हे गोठ्यापर्यंत पोहोचणारे होते.

आगमनकाळात चर्चमध्ये पेटणाऱ्या मेणबत्त्यांच्या कड्याची हकीकतही अशीच आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न या पाळकाने, म्हणजे धर्मगुरूने, 1833 मध्ये निराधार मुलांसाठी एक आश्रयगृह काढले. नाताळ कधी येणार, असे ती मुले रोज विचारत, म्हणून 1839 मध्ये त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या : रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान तांबड्या. आज जगभर पेटणारे ते कडे मुळात घर नसलेल्या मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून तयार झाले, हे चर्चमध्ये अधूनमधून सांगितले जायला हवे.

रस्त्यावर पातेले टांगून मागण्याची रीतही याच सणाने दिली. 1891 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे कॅप्टन जोसेफ मॅकफी यांना हजार गरिबांना नाताळचे जेवण द्यायचे होते आणि हाती पैसा नव्हता. त्यांनी बोटीच्या धक्क्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, एक मोठे पातेले टांगले आणि त्यात पैसे टाकण्याचे आवाहन केले. साल्व्हेशन आर्मीची तांबडी पातेली आणि त्यांच्याशेजारी वाजणारी घंटा आज अनेक देशांतल्या रस्त्यांवर दिसतात. येथेही टाकणाऱ्याला पावती नसते, नाव नसते. तो टाकतो आणि आपल्या वाटेने जातो.

आतापर्यंत आपण जमवण्याविषयी बोललो. जमवण्यापेक्षा वाटणे अवघड असते, आणि हे अगदी पहिल्या मंडळीलाच उमगले होते. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तक्रार नोंदलेली आहे की, रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी ती तक्रार दडपली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि या कामासाठी चांगल्या नावलौकिकाची सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातांत पहिले नाव स्तेफनाचे होते, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये त्याचा स्मरणदिन नाताळच्या लगेच दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला येतो. ख्रिस्तजन्माच्या पाठोपाठ रक्तसाक्षी स्तेफनाची आठवण होते. पण तो वाटपातला अन्याय दूर करण्यासाठी नेमलेला माणूस होता, हे त्या दिवशीच्या प्रवचनात फार थोड्या वेळा ऐकू येते.

वाटपाची यादी करणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसले की ही अडचण समजते. जो मोकळेपणाने मागतो त्याचे नाव यादीत आपोआप येते. ज्याची नोकरी याच वर्षी गेली आहे, जो अजून दर रविवारी इस्त्रीचे कपडे घालून येतो आणि थैलीत काहीतरी टाकतोच, त्याचे नाव कोण घालणार? ते घालण्यासाठी मंडळीतल्या लोकांनी एकमेकांना वर्षभर ओळखावे लागते. कोणाची मुले सहलीला गेली नाहीत, कोणी औषधे अर्धीच घेतली, कोणाच्या घरी अलीकडे पाहुणे येईनासे झाले, हे ज्याच्या लक्षात येते तोच अशी यादी करू शकतो. म्हणून अनेक ठिकाणी यादी फक्त पाळक आणि एक-दोन सेवकांजवळ राहते, आणि मदत बंद पाकिटातून किंवा रात्री घरपोच जाते. मदत घेणाऱ्यांना व्यासपीठावर बोलावून छायाचित्रे काढण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. या माहितीपटात मदत घेणाऱ्या एकाही कुटुंबाचा चेहरा दिसणार नाही, तो याच कारणासाठी.

[दृश्य : बाक बाजूला सरकवून चर्चमध्ये मांडलेली जेवणाची टेबले.]

घेणाऱ्याचे नाव जपण्याचा एक वेगळा मार्ग रोममध्ये दिसतो. त्रास्तेवेरे भागातल्या सांता मारिया या प्राचीन चर्चमध्ये सांत एजिदिओ या कॅथलिक समुदायाने 1982 च्या नाताळला सुमारे वीस गरीब पाहुण्यांना जेवायला बोलावले. टेबले बाहेरच्या मंडपात मांडली नाहीत. ती चर्चच्या आत, उपासना होते त्याच जागी मांडली. त्या पहिल्या जेवणानंतर ही प्रथा अनेक देशांत पसरली. या पंगतीत प्रत्येक पाहुण्याची जागा आधीच ठरलेली असते, आणि समुदायाचे लोक त्यांच्याबरोबर बसून जेवतात. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे बाहेरून आलेल्याला सांगता येऊ नये, असाच हा बेत असतो. रांगेत उभे राहून ताट घेणे आणि आपल्या नावाच्या खुर्चीवर बसून वाढून घेणे, यांत अन्न तेच असले तरी माणूस तोच राहत नाही.

मुलांना या देण्यात सामील करून घेण्याच्याही पद्धती आहेत. 1747 मध्ये जर्मनीतल्या मोरेवियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत मुलांना पेटत्या मेणबत्त्या देण्याची उपासना सुरू झाली. पुढे 1968 मध्ये इंग्लंडमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ती निधिसंकलनाशी जोडली. मुले साठवलेले पैसे आणतात आणि त्यांना लाल फीत बांधलेले, मेणबत्ती खोचलेले संत्रे मिळते. जर्मनीत 1959 पासून मुले बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन मागी (पूर्वेकडच्या ज्ञानी) लोकांचा वेश घेऊन जानेवारीच्या सुरुवातीला घरोघर गातात, दारावर खडूने आशीर्वाद लिहितात आणि इतर देशांतल्या मुलांसाठी पैसे जमवतात. स्वतःसाठी मागायला लाजणारे मूल दुसऱ्यासाठी अनोळखी दार धिटाईने वाजवते, हे पाहताना मोठ्यांनाही बरेच शिकता येते.

जानेवारी आला की थैली हलकी होते. सणाचा उत्साह ओसरतो, आणि ज्यांचे भाडे, शाळेचे शुल्क, औषधाचे पैसे थकलेले असतात त्यांचे महिने मात्र तेवढेच लांब राहतात. हे ओळखून काही मंडळ्या नाताळच्या अर्पणातला एक भाग मुद्दाम राखून ठेवतात आणि तो पुढच्या महिन्यांत थोडाथोडा खर्च करतात. डिसेंबरमध्ये सगळे वाटून मोकळे होण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण समोर गरज दिसत असताना हात आखडता घ्यावा लागतो. पण घरी जाऊन भेटणाऱ्या सेवकांना विचारले तर ते याच पद्धतीची बाजू घेतात.

[दृश्य : वार्षिक सभा. खजिनदार उभे राहून हिशेब वाचत आहेत.]

वर्षाच्या सभेत खजिनदार आकडे वाचतात. नाताळच्या अर्पणात एकूण किती जमले, किती धान्यावर गेले, किती औषधांवर, किती शाळेच्या शुल्कावर आणि किती शिल्लक आहे, हे सर्वांसमोर सांगितले जाते; कोणी किती दिले आणि कोणाला किती मिळाले, हे वाचले जात नाही. सभासद प्रश्न विचारतात, एखाद्या रकमेचे स्पष्टीकरण मागतात, आणि समाधान झाले की हिशेब मंजूर होतो. त्यानंतरचा विषय पुढच्या सहा महिन्यांच्या घरभेटींचा असतो, आणि कोणत्या वस्तीत कोणी जायचे याची वाटणी त्याच बैठकीत केली जाते.