केबल खाणारा मीटर

मंडळी, जुन्या गाडीतल्या स्पीडोमीटरचा काटा बंद पडला की आपण गॅरेजात जाऊन बिनदिक्कत सांगतो, 'केबल बदलून द्या.' मीही तेच सांगितलं होतं. माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत नवी केबल टाकली, ती आठवड्यात तुटली. दुसरी टाकली, तीही गेली. तिसऱ्या खेपेला एका वयस्कर मिस्त्रींनी आधी मीटरच बाहेर काढला. त्याच्या मागच्या भोकात जुन्या केबलचा चौकोनी टोकाचा तुकडा घातला आणि चिमटीत धरून फिरवला. फिरेचना. म्हणाले, 'साहेब, हा मीटर केबली खातोय.'

आत असतं काय, ते बघा. गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत एक आवरण, आणि त्यात थरावर थर उलटसुलट गुंडाळलेली पोलादी तार. चाकं फिरली की ती फिरते. किलोमीटरला १००० फेरे धरले, तर ताशी ६० च्या वेगाला मिनिटाला १००० फेरे झाले! वरच्या टोकाला ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ती ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो आपला वेग. १९०२ साली ओटो शुल्झे या जर्मन माणसानं याचं पेटंट घेतलं.

किलोमीटरचे आकडेही त्याच तारेवर चालतात, म्हणून आधी त्यांच्याकडे बघायचं. आकडे सरकतायत आणि काटा मेलाय, तर केबलला हात लावू नका, दुखणं मीटरमध्ये आहे. दोन्ही बंद असतील तर केबलचं वरचं टोक सोडवा आणि कुणाला तरी गाडी ढकलायला सांगा. तार फिरली तर केबल ठीक. नाही फिरली तर ती तुटलीय किंवा गिअरबॉक्समधलं छोटं गिअर झिजलंय. काटा थरथरतोय, किरकिर आवाज येतोय, तर बहुधा केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी दुमडलीय.

बदलताना तुटलेल्या तारेचा एक तुकडा वरून निघतो, दुसरा खालून. खालचा विसरू नका. नवी केबल जुनीशेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकं ताडून घ्या. ग्रीस बोटानं पुसल्याइतकंच, आणि वरची वीतभर तार कोरडी ठेवायची. फिरती तार स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते; ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा वेड्यासारखा वर जातो. (आपल्याकडे ग्रीसचा डबाच रिकामा करतात, हा आपला राष्ट्रीय छंद.) केबल नेताना वळणं मोठी ठेवा, तापलेल्या एक्झॉस्टपासून लांब. पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथलं रबर नीट बसवा.

नट हातानंच आवळा. तो शेवटपर्यंत जात नसेल तर पक्कड घेऊ नका. तारेचं चौकोनी टोक भोकात बसलेलं नसतं. खालचं टोक मोकळं ठेवून तार चिमटीत हळू फिरवत राहा. वरचं टोक टक्‌कन आत जातं, मग नट आपसूक बसतो.